कुलवृत्तांतात नसलेली नोंद

विसाव्या शतकात मराठी मध्यमवर्गाने मोठ्या हौसेने जे ग्रंथ छापून घेतले, त्यांत कुलवृत्तांतांचा क्रम बराच वरचा लागेल. मूळ गाव, कुलदैवत, गोत्र आणि प्रवर यांनी सुरुवात होते. मग मूळ पुरुष, त्याचे पुत्र, पुत्रांच्या शाखा, शाखांच्या उपशाखा अशी मांडणी पानामागून पान चालू राहते. कोण कुठल्या परीक्षेला बसला, कोणी कोणत्या संस्थानात कारकुनी केली, कोणी काशीयात्रा केली, हे सारे तेथे सापडते. स्त्रियांच्या वाट्याला मात्र बहुधा एकच ओळ येते. त्या ओळीत माहेरचे नाव, सासरचे नाव आणि असलेच तर मृत्यूचे वर्ष असते. मुलीची शाखा तिच्या लग्नापाशी थांबते. तिचे गोत्र बदलते, नाव बदलते आणि ती दुसऱ्या एखाद्या घराण्याच्या ग्रंथात पुन्हा एका ओळीपुरती उगवते.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत माझ्या कपाटात आहे. मराठीची अध्यापक म्हणून त्याच्याकडे मी अनेक वर्षे भाषेचा एक नमुना म्हणून पाहत आले. माझ्या वडिलांच्या आईची त्यातील ओळ ‘मृत्यू १९५१’ या शब्दांनी संपते. मृत्यूचे कारण देण्याची तेथे प्रथा नाही. ते कारण मला आत्याकडून कळले. आजीच्या पोटात पाणी झाले, पोट फुगत गेले, हातपाय काड्यांसारखे झाले आणि चार महिन्यांत ती गेली. तेव्हा ती ४२ वर्षांची होती. घरात या दुखण्याला नाव नव्हते. ‘आईचे ते दुखणे’ एवढेच म्हटले जाई. पुढे १९७८ साली खुद्द आत्या स्तनाच्या कर्करोगाने वारली, तेव्हा ती ४७ वर्षांची होती. त्या वेळी नाव माहीत होते, पण ते उच्चारले जात नव्हते. घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, ही समजूत आमच्याकडे पक्की होती. त्यामुळे आईचे दुखणे आणि लेकीचे दुखणे एका वाक्यात कधी आलेच नाही. एकीचे पोटाचे होते, दुसरीचे छातीचे. शिवाय आत्या तर केव्हाच दुसऱ्या घराण्याची झालेली होती.

ही दोन दुखणी एका वाक्यात आणली ती माझ्या आतेबहिणीने. आम्ही तिला ताई म्हणतो. ताईला ३८ व्या वर्षी एका स्तनाचा कर्करोग झाला आणि त्यातून ती बरी झाली. पुढे सोळा वर्षांनी, २०१६ साली, दुसऱ्या स्तनात नवा कर्करोग निघाला. तो पहिल्याचा अवशेष नव्हता, स्वतंत्र होता. तेव्हा मुंबईतील तिच्या डॉक्टरांनी तिला आनुवंशिकतेच्या सल्लागाराकडे पाठविले. तेथे रक्ताची तपासणी झाली आणि बीआरसीए-१ या जनुकात दोष आढळला. ताईने मला दूरध्वनी केला आणि नेहमीच्या निश्चयी आवाजात सांगितले, “आपल्या आजीचे आणि माझ्या आईचे दुखणे एकच होते. तू आणि दादा, दोघांनी तपासून घ्या.”

त्या सल्लागार बाईंसमोर मी बसले तेव्हा त्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला आणि आमची वंशावळ काढायला घेतली. पुरुषासाठी चौकोन आणि स्त्रीसाठी वर्तुळ. ज्याला कर्करोग झाला त्याची आकृती काळ्या शाईने भरायची, जो हयात नाही त्याच्या आकृतीवर तिरकी रेघ मारायची. वंशावळी मी पुष्कळ पाहिल्या होत्या. मात्र ज्या वंशावळीत मुलगी लग्नानंतरही जागेवर राहते, अशी ही पहिलीच होती. आत्या येथे माझ्या वडिलांच्या शेजारीच होती आणि तिच्याखाली ताई होती. गोत्र बदलल्याची कोठे खूण नव्हती. चौकोन सगळे पांढरे होते आणि भरलेली तीनही वर्तुळे काळी होती. माझ्या वडिलांचा चौकोनही पांढराच होता. ते २००९ साली, ७५ व्या वर्षी, हृदयविकाराने गेले. त्यांना कर्करोग कधी झाला नाही, म्हणून हे दुखणे आमच्या घरापासून दूर आहे असे आम्ही धरून चाललो होतो. बाई म्हणाल्या, “हा दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. पुरुषाला त्याचा त्रास क्वचित होतो, पण तो पुढे देतो मात्र निम्म्या शक्यतेने. मुलगा असो वा मुलगी.”

रोगाची वंशावळ काढण्याची ही रीत आजची नाही. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात एका घराण्याची हकीकत दिली आहे. त्या घराण्यातील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या स्तनाच्या कर्करोगाने मरत होत्या. ते घराणे त्याच्या पत्नीचे होते. अमेरिकेत मिशिगनमध्ये ऑल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञाला १८९५ साली एका शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितले की, आमच्या घरातली माणसे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली, तीही तरुणपणी. वॉर्थिनने तिच्या घराण्याची माहिती जमवून १९१३ साली प्रसिद्ध केली. पुढे हेन्री लिंच या डॉक्टरांनी तो धागा उचलला आणि आतड्याच्या कर्करोगाचा तो आनुवंशिक प्रकार आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. वैद्यकाच्या आधी त्या शिवणकाम करणाऱ्या बाईला आपल्या घराण्याचा नियम समजला होता, याचे मला विशेष वाटते. शास्त्राला तिच्या वाक्याचा अर्थ लागायला शतक जावे लागले. १९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनाच्या कर्करोगाशी निगडित असलेल्या एका जनुकाची जागा सतराव्या गुणसूत्रावर दाखवून दिली. तोवर एवढ्या गुंतागुंतीच्या रोगाला एका जनुकाचे कारण असू शकेल यावर फारसे कोणी विश्वास ठेवीत नव्हते. १९९४ साली ते जनुक प्रत्यक्ष हाती आले आणि १९९५ साली त्याचे भावंड, बीआरसीए-२.

हा दोष म्हणजे नेमके काय, ते मला माझ्याच विषयाच्या आधाराने समजले. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत नकलाकारांनी किती पाठभेद शिरविले आणि एकनाथांनी शके १५०६ मध्ये ते कसे दूर करून शुद्ध प्रत सिद्ध केली, हे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आले होते. आपल्या पेशीतला मजकूरही सतत नकलला जातो. त्याची लिपी अवघ्या चार अक्षरांची. नक्कल करताना चुका होतात, धागे तुटतात. बीआरसीए ही जनुके ज्या प्रथिनांची आज्ञा देतात, ती प्रथिने दोन्ही बाजूंनी तुटलेला धागा शेजारच्या जुळ्या प्रतीवरून पाहून पुन्हा बिनचूक जोडण्याच्या कामी येतात. ती एका अर्थी पेशीतले मुद्रितशोधक आहेत. प्रत्येकाजवळ अशा जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. माझ्यासारखीची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते, पण दुसरी शाबूत असते तोवर काम चालते. आयुष्यात केव्हातरी एखाद्या पेशीत ती दुसरीही बिघडली की तेथे चुका साचू लागतात. एका लहान मुलांच्या डोळ्यांच्या कर्करोगाचा अभ्यास करून आल्फ्रेड नुड्सन यांनी १९७१ साली दोन आघातांची ही उपपत्ती मांडली होती. वारशाने येतो तो कर्करोग नव्हे. वारशाने येतो तो पहिला आघात.

हा भेद शब्दांचा नाही. आपल्याकडे कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग सांगतात. संचित म्हणजे साठलेले, प्रारब्ध म्हणजे फळ देऊ लागलेले, आणि क्रियमाण म्हणजे आज आपण करीत आहोत ते. आमच्या घरात आजीच्या आणि आत्याच्या वेळी फक्त प्रारब्धाची भाषा होती, कारण दुखणे कळे तेच फळ देऊ लागल्यावर. संचित आधी कळण्याची सोय नव्हती आणि म्हणून क्रियमाणाला जागाही नव्हती. त्या कोऱ्या कागदाने आमच्या घरात ही जागा प्रथमच निर्माण केली.

माझा अहवाल आला. ताईचा दोष माझ्यातही होता.

मग आकडे आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ७२ जणींना ८० व्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो आणि सुमारे ४४ जणींना बीजांडकोशाचा. बीआरसीए-२ बाबत हेच आकडे ६९ आणि १७ असे आहेत. या आकड्यांमागची घराणी बहुतांशी युरोपीय वंशाची आहेत, आपल्याकडील घराण्यांवर असे दीर्घ काम कमीच झाले आहे. त्यामुळे आपल्या रक्तात कधीकधी असेही पाठभेद सापडतात, की ते अपायकारक की निरुपद्रवी हे तज्ज्ञांनाही सांगता येत नाही. अहवालात तसे लिहिलेले असते आणि वाचणाऱ्याने त्या अनिश्चिततेसह घरी जायचे असते. माझ्या नशिबी ती संदिग्धता नव्हती. पण निश्चित उत्तर मिळूनही ७२ हा आकडा घेऊन काय करायचे हे कळेना. मी शंभर बायका नाही, मी एक आहे. मला होईल किंवा होणार नाही. शंभरातल्या २८ जणी कोणत्या, हे कोणत्याच कागदावर नसते.

लवकर सापडणे आणि मुळात न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सल्लागार बाईंनी मला फार संयमाने समजावून दिले. स्तनांच्या बाबतीत लवकर सापडण्याची वाट आहे. दोष असलेल्या तरुण स्त्रीला २५ व्या वर्षापासून दरवर्षी एमआरआय आणि ३० नंतर त्याच्या जोडीला मॅमोग्राफी सुचविली जाते. ज्यांना ही दरवर्षीची टांगती तलवार नको असते त्या दोन्ही स्तन आधीच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया स्वीकारतात. तिने धोका ९० टक्क्यांहून अधिक कमी होतो. अँजेलिना जोली या अभिनेत्रीने २०१३ साली आपला असाच निर्णय वृत्तपत्रातून जाहीर केला, तेव्हा जगभर बायका या विषयावर उघड बोलू लागल्या. बीजांडकोशाच्या बाबतीत मात्र लवकर सापडण्याची भरवशाची वाट अद्याप नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक सर्वसाधारण स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. तपासणीने रोग काहीसा आधी सापडला, पण मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून बीआरसीए-१ चा दोष असलेल्या स्त्रीला मुलेबाळे झाल्यावर, ३५ ते ४० या वयात, बीजांडकोश आणि बीजवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला देतात. मला हे कळले तेव्हा मी ५२ वर्षांची होते. आजी ज्या वयात गेली त्याच्यापेक्षा दहा वर्षे अधिक मी जगले होते, आणि तेही काही न करता.

मी बीजांडकोश आणि बीजवाहिन्या काढून घेतल्या. स्तन ठेवले, आणि वार्षिक तपासणी पत्करली. हा निर्णय तर्काने घेतला असे मी म्हणते, पण त्यात आजीचे फुगलेले पोट होतेच. वहिनी मला म्हणाली, “अहो वन्सं, धडधाकट अवयवांवर सुरी कशाला चालवून घेता?” तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ आजही पुरते उत्तर नाही. दुखत नसलेल्या जागी शस्त्रक्रिया करवून घेणे आपल्या मनाला पटत नाही. आपला सारा वैद्यकव्यवहार दुखण्यावर उभा आहे: दुखले की वैद्याकडे जायचे, राहिले की परतायचे. येथे मी काही दुखत नसताना गेले आणि दुखणे घेऊन परत आले. काढलेल्या भागाचे बारीक काप करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. त्यांत काही निघाले नाही. हा आनंद मला नीट साजरा करता आला नाही, कारण न घडलेल्या गोष्टीचा आनंद कसा करायचा याची रीत आपल्याकडे नाही. नवस फेडायचा तर तो बोललेला असावा लागतो.

वर्षातून एकदा मी त्या यंत्रात पालथी पडते. हातात सुई, कानांवर आवाज अडविणारे झाकण, आणि तरीही कोणी लोखंडी पिंपावर हातोडा मारीत असल्यासारखा तो ठोका. हलायचे नाही. अहवाल येईपर्यंतचे दिवस मी कोणतेही मोठे पुस्तक सुरू करीत नाही. दहा दिवसांनी एक वर्षाची मुदत मिळते आणि मी पुन्हा माणसांत येते.

एवढे लिहिल्यावर एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. कर्करोगाच्या १०० रुग्णांपैकी ज्यांच्या रोगाचे मूळ अशा एखाद्या वारशात असते ते पाच ते दहाच. बाकीच्यांना कोणताही कोरा कागद वाचवीत नाही. त्यांच्यासाठी वेगळी आणि साधी कामे आहेत, आणि ती आपल्या देशात झालीही आहेत. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली सुरू केलेल्या अभ्यासात ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रियांचा समावेश होता. त्यांतील निम्म्या गटातल्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. वीस वर्षांनंतर, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ५० आणि त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालेले आढळले. त्याहून लहान वयात मात्र असा फायदा दिसला नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत असेच काम झाले. विषाणूची एकदाच केलेली तपासणीही मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते, हे तेथील स्त्रियांनी २००९ साली जगाला दाखवून दिले. ज्या बाईकडे जनुकाच्या तपासणीचे पैसे नाहीत तिच्याकडे निदान ही बोटे पोचावीत. माझ्यासारखीने आपल्या दुर्मीळ वारशाचे कौतुक करीत बसू नये.

तरीही ज्यांच्या घरी तो आहे, त्यांच्यापुढे एक प्रश्न राहतो: सांगायचे कोणाला आणि केव्हा? माझा अहवाल माझ्या एकटीचा नव्हता. दादाला मी लगेच सांगितले. तो म्हणाला, “मला काय होणार आहे?” आणि थोड्या वेळाने, “पोरीचे लग्न व्हायचे आहे. आताच हे बाहेर कशाला काढतेस?” माझी भाची तेव्हा २४ वर्षांची होती. तिच्या बारशाला तिचे नाव मी तिच्या कानात सांगितले होते आणि पाठीत धपाटे घेतले होते. आत्याचे घराण्यातले अधिकृत काम तेवढेच. लग्नाच्या बाजारात पत्रिकेतला मंगळ चालवून घेतला जातो, त्यावर शांत आहे. जनुकातल्या दोषावर कोणती शांत करणार, ही दादाची भीती मला खोटी म्हणता येईना. दुसरीकडे तिचे वय थांबत नव्हते. ज्या वयात तपासणी सुरू व्हायला हवी, ते एका वर्षावर आले होते.

यात आणखी एक पेच होता, तो मला हळूहळू उमगला. भाचीने परस्पर तपासणी केली आणि दोष निघाला, तर तो दादाकडूनच आला असणार. म्हणजे तिचे रक्त तिच्या बापाचा अहवाल त्याच्या संमतीवाचून वाचून दाखविणार. एकाच्या जाणून घेण्याच्या हक्काने दुसऱ्याचा न जाणण्याचा हक्क मोडतो. कुलवृत्तांताच्या संपादकांना असा प्रश्न कधी पडला नसावा, कारण त्यांच्या ग्रंथात माहिती वरून खाली येते. येथे ती खालून वरही जाते.

दादा जवळजवळ दीड वर्ष काही बोलला नाही. मीही तगादा लावला नाही. फक्त दर वर्षी माझी तपासणी झाली की त्याला तसे कळवीत होते. एके दिवशी तो कोणालाही न सांगता मुंबईला गेला, ताईला भेटला आणि रक्त देऊन आला. त्याच्यातही दोष होता. हे मी त्याच्या परवानगीने लिहीत आहे. आमच्या वडिलांची कधी तपासणी झाली नव्हती, पण ताईच्या आणि आम्हा दोघांच्या अहवालांनी मिळून त्यांचाही अहवाल लिहून टाकला. तो पांढरा चौकोन पांढराच राहिला तरी रिकामा राहिला नाही. दादाला अधिक कशाने लागले असेल तर, “म्हणजे बाबांनी हे आयुष्यभर सोबत वागविले आणि त्यांना कळलेही नाही,” या विचाराने. नंतर त्यानेच मुलीला समोर बसवून सगळे सांगितले. मी आणि वहिनी तेथेच होतो. सांगताना त्याने आजीचे नाव घेतले. त्या घरात आजीचे नाव मी पुष्कळ वर्षांनी ऐकले.

भाचीने सारे ऐकून घेतले आणि विचारले ते एकच: आजीच्या माहेरचे कोणी आहे का? आमच्यापैकी कोणालाच ते सांगता आले नाही. हा दोष आजीबरोबर तिच्या माहेरून आला असेल तर तेथेही बहिणी असतील, त्यांच्या मुली असतील, कुठल्यातरी गावी कुठल्यातरी नावाने. कुलवृत्तांतात आजीच्या माहेरचे आडनाव आणि गाव आहे, त्यापलीकडे काही नाही. भाची आता त्या माणसांचा शोध घेते आहे. दोन पत्रे परत आली, एका दूरध्वनीला उत्तर मिळाले आहे.

तिने स्वतःची तपासणीही करून घेतली आहे. त्या अहवालात काय निघाले हे मला माहीत आहे. पण ते मी येथे लिहिणार नाही. ती नोंद तिची आहे. करायची की नाही, करायची तर कोठे आणि कोणत्या शब्दांत, हे तिने ठरवायचे आहे.